न विचारता पुसणारी पाटी

मंडळी, संगणकात पुसापुशीचे दोन प्रकार असतात. एक आपल्यासारख्यांचा: माऊसने फाईल कचरापेटीत टाकायची आणि हवीशी वाटली तर परत उचलून घ्यायची. दुसरा जाणकारांचा: काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर आणि टाइप करून द्यायचा हुकूम. याला कमांड लाइन म्हणतात. तिथे कचरापेटी नाही. एंटर दाबलं की गेलं! या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास मला फार उद्बोधक वाटला, म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचं काम सुरू केलं. हुकूम द्यायचे ते टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर खडखडत छापणाऱ्या यंत्रावर. यंत्र संथ, म्हणून हुकूमही आखूड. काढून टाकायचं असेल तर 'रिमूव्ह'चा नुसता 'आरएम'. काम झालं की यंत्र गप्प. पुढे १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांमध्ये मांडण्याचा सिद्धांत दिला आणि १९७४ साली तिथल्याच चेंबरलिन व बॉइस यांनी अशा माहितीशी बोलायची भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. तिच्यात सबंध डेटाबेस पुसायला 'ड्रॉप डेटाबेस' आणि पुढे त्याचं नाव, एवढं पुरतं. गंमत बघा, मायएसक्यूएलमध्ये हेच काम बाहेरून 'मायएसक्यूएलअ‍ॅडमिन'ला सांगितलं तर तो 'खरंच पुसू का?' असं विचारतो. आत शिरून हुकूम दिला तर चकार शब्द काढत नाही.

आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात खाडाखोड चालत नसे. नोंद चुकली तर तांबड्या शाईची एक रेघ, वर दुरुस्ती, बाजूला मुख्याध्यापकांची सही. रेघेखालचं जुनं अक्षर वाचता येई. संगणकाने ती रेघच काढून टाकली.

त्याचं फळ गिटलॅब या कंपनीला ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मिळालं. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात, ती ही जागा. मुख्य डेटाबेसची जोडप्रत मागे पडली होती, ती नव्याने भरायची होती. रात्र बरीच झालेली, माणूस दमलेला. त्याने जोडप्रतीचा फोल्डर पुसायचा म्हणून 'आरएम'चा हुकूम दिला, पण तो मुख्य यंत्रावर. सेकंद-दोन सेकंदांत ध्यानात आलं, हुकूम थांबवला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं!

आता म्हणाल, बॅकअप असेलच की. एक नव्हे, पाच तऱ्हांची सोय होती. पण रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या, म्हणून तो रोज निमूटपणे अयशस्वी होत होता. तसं कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. बॅकअपची जागा उघडून पाहिली तर रिकामी.

तारलं ते एका वेगळ्याच प्रतीने. त्याच माणसाने सहा तास आधी, चाचणीच्या कामासाठी, हाताने एक प्रत काढली होती. ती परत चढवायला जवळपास १८ तास लागले. मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलंच; सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना झळ पोहोचली.

याच्या बरंच आधी, १९९८ साली, पिक्सारमध्ये असंच घडलं होतं. 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना कुणीतरी दिलेल्या अशाच हुकुमाने चित्रपटाचा बहुतेक भाग पडद्यावरून दिसेनासा होत गेला. बॅकअप पाहिला तर तोही निकामी. वाचवलं ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकाने. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत, म्हणून चित्रपटाची प्रत तिथे होती.

या दोन कथांत मला एकच गोष्ट दिसते. जी प्रत जपायची म्हणून ठेवली होती ती मेलेली निघाली, आणि जी कुणाच्यातरी रोजच्या कामात होती ती जिवंत राहिली. नुसतं ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. अधूनमधून उघडून पाहणं म्हणजे जपणं. पाठांतराचंही तेच नाही का? म्हणत राहिलं तरच टिकतं.

गिटलॅबची आणखी एक गोष्ट मला आवडली. त्यांनी काही झाकलं नाही. नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, सुमारे ५,००० लोक ते पाहत होते. नंतरच्या अहवालात हुकूम देणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'टीम मेंबर १'. दोष माणसावर ढकलून मोकळं न होता व्यवस्थेत शोधला. पोराने पाटी पुसली तर आधी त्याच्यावर डोळे वटारणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींनी शिकण्यासारखं आहे हे.

असो. आपल्या घरातल्या ज्या कुणी लग्नामुंजींचे फोटो डिस्कवर घालून कपाटात ठेवलेत, त्यांना एकच विनंती. येत्या रविवारी ती डिस्क लावून दोन फोटो उघडून बघा. उघडले, तर मलाही पाठवा!