कापलेला कर आणि परत येणारा रुपया

गुलबर्ग्याच्या जुन्या मराठी घरांत एक समजूत पक्की बसलेली आहे. खजिन्यात गेलेला रुपया परत येत नाही. शिकवण्या घेणारी सून असो, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा मुलगा असो की विम्याची एजन्सी सांभाळणारे निवृत्त गुरुजी असोत, मिळकतीतून कर कापला गेला की आपण म्हणतो, 'गेले ते गेले.' ही समजूत आपल्या भागात कशी रुजली आणि ती आज का खरी नाही, हे मंडळाच्या या स्मरणिकेत मांडावे असे आम्हाला वाटले. विषय रूक्ष आहे खरा. पण त्यात आपल्याच घरांचे पैसे अडकलेले आहेत.

निजामी अमलात आपल्या लोकांना कर नवा नव्हता. शेतीवरचा सारा होता. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि सोलापूरकडून येणाऱ्या मालावर तिथे जकात मोजावी लागे. यांतले काहीच परत मिळण्यासारखे नव्हते. माणसाच्या वर्षाच्या मिळकतीचा हिशेब करून त्यावर कर घ्यावा आणि जास्त घेतला असेल तर फेडावा, ही कल्पनाच संस्थानी कारभाराला परकी होती. पलीकडे ब्रिटिश मुलखात मात्र ती कधीच आली होती. १८५७च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा जेम्स विल्सन या अर्थसचिवाने १८६०च्या जुलैत हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला आणि पुढच्याच महिन्यात तो कलकत्त्यात वारला. कर मधेच बंद झाला, वेगवेगळ्या नावांनी परत आला आणि १८८६च्या कायद्याने कायमचा झाला. त्या वेळी वर्षाला ५०० रुपयांच्या आतल्या मिळकतीला तो लागू नव्हता. ही मर्यादा १९०३ साली १,००० झाली, १९१९ साली २,०००.

म्हणजे सोलापुरात कर होता आणि गुलबर्ग्यात नव्हता. पण १८७१ साली सोलापूरकडून आलेली रेल्वे रायचूरपर्यंत पोचली आणि तिच्याबरोबर ब्रिटिश प्रजाजन असलेले कितीतरी नोकरदार आपल्या गावात राहायला आले. १९२२च्या प्राप्तिकर कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिले होते की संस्थानांच्या हद्दीत राहणाऱ्या, पण हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांनाही हा कायदा लागू आहे. जी. आय. पी. रेल्वे १९२५ साली सरकारने आपल्या ताब्यात घेतली होती. तेव्हा एकाच गल्लीत, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन घरांचा न्याय निराळा. निजामाच्या मदरशातला मास्तर कितीही कमावो, त्याला प्राप्तिकर नाही. सोलापुराहून बदलून आलेल्या सरकारी नोकराचा पगार वर्षाला दोन हजारांवर गेला की मात्र पगारातूनच कर वळता. इतका पगार थोड्यांनाच होता, हेही सांगायला हवे. त्याच कायद्यात ४८वे कलम होते. देय करापेक्षा जास्त कर भरला गेला आहे असे दाखवून दिले तर परतावा मिळण्याचा हक्क त्यात होता. परतावा ही सरकारची मेहेरबानी नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आपल्याकडे प्राप्तिकर आला तो फार वाईट मुहूर्तावर. हैदराबादचा प्राप्तिकर कायदा फसली १३५७चा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे हे १९४७-४८चे साल. कायदा ब्रिटिश हिंदच्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता, पण साल रझाकारांचे होते. घरे सोडून सोलापूर, बार्शीकडे निघालेल्या माणसांना मिळकतीचा तक्ता भरण्याचे भान कुठून असणार? सप्टेंबर १९४८मध्ये पोलिस कारवाई झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. कर आणि धास्ती हे दोन शब्द आपल्या मनात जोडले गेले ते या वर्षात, असे आमचे मत आहे.

पुढे १ एप्रिल १९५०पासून भारताचा प्राप्तिकर कायदा हैदराबाद राज्यालाही लागू झाला. बदल एकदम जाचू नये म्हणून 'ब' वर्गातील राज्यांसाठी त्या वर्षी करसवलतींचा वेगळा आदेश निघाला. त्यातच नाण्यांचा घोळ होता. हैदराबादचा हाली सिक्का आणि भारताचा कलदार रुपया यांचा दर सातास सहा, म्हणजे १४० हाली पगाराचे १२० कलदार व्हायचे. पगार कमी झालेला नसायचा, आकडा तेवढा उतरायचा. पण ज्यांनी आयुष्यभर आजूर, दय, बहमन असे महिने मोजून हालीत पगार घेतला, त्यांना एप्रिल ते मार्च हे नवे वर्ष, नवा रुपया आणि नवा कर एकाच झटक्यात शिकावे लागले. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा आणि बिदर जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. उर्दू कागद गेले आणि इंग्रजी, कन्नड आले. प्राप्तिकर केंद्राचा असल्यामुळे त्याला राज्य बदलल्याने फरक पडला नाही. पण तो कुणाकडे, कोणत्या भाषेत जाऊन विचारायचा, हे पुष्कळांना कळेनासे झाले, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने न विचारणेच पसंत केले.

आता जोडकामाकडे येऊ. आपल्या घरांत एका पगारावर भागत नसे. दिवसा शाळा, संध्याकाळी बाजारात एखाद्या तुरीच्या आडत्याकडे जमाखर्च लिहिणे, रात्री शिकवण्या, असा कितीकांचा क्रम होता. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ झाल्यावर एजन्सीची भर पडली. या कमाईला बराच काळ मुळाशी कपात नव्हती. विमा कमिशनवर ती १९७३ साली आली. खरे वळण मात्र १ जुलै १९९५चे. त्या दिवसापासून व्यावसायिक फीवर कपात सुरू झाली आणि बँकेतल्या मुदत ठेवींच्या व्याजावरची कपातही त्याच दिवसापासून परत आली (१९९१मध्ये ती आली होती आणि लगेच मागे घेतली गेली होती). तोवर ज्या घरांना प्राप्तिकर खात्याचा दरवाजा माहीत नव्हता, त्यांच्याही हाती कापून उरलेली रक्कम पडू लागली.

आणि इथेच गल्लत झाली. कापलेली रक्कम म्हणजे कर नव्हे. तो कराचा आगाऊ भरणा आहे. खरा कर ठरतो वर्षाच्या एकूण मिळकतीवर, विवरणपत्र भरल्यानंतर. कापणाऱ्या संस्थेला आपली एकूण मिळकत माहीत नसते आणि विचारण्याचे तिला कारणही नसते. ती ठरलेल्या दराने कापते आणि भरते.

एक उदाहरण घेऊ. समजा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मुलीला २०२४-२५ या वर्षात १,८०,००० रुपये मिळाले आणि संस्थेने ते व्यावसायिक फी धरून १० टक्के, म्हणजे १८,००० रुपये कापले. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत करच नाही. दुसरी मिळकत नसेल तर तिचा देय कर शून्य आणि १८,०००च्या १८,००० तिचे. मुदतीत विवरणपत्र भरले तर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. सप्टेंबरात पैसे आले तर सहा महिन्यांचे ५४० रुपये. (हे व्याज पुढच्या वर्षीच्या मिळकतीत दाखवावे लागते. सरकारही हिशेबाला चोख!) पॅन दिलेला नसेल तर कपात दुप्पट, २० टक्के. १८,००० म्हणजे अशा मुलीची जवळजवळ सव्वा महिन्याची कमाई. ती आपण 'गेले ते गेले' म्हणून सोडतो.

आधीच कपात टाळण्याचीही सोय आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. ज्यांचा कर शून्य येणार आहे त्यांनी बँकेत तसा फॉर्म (१९६१च्या कायद्याखाली १५-जी, साठी ओलांडलेल्यांना १५-एच) दिला तर व्याजावर कपात होत नाही. व्यावसायिक फीला मात्र हा फॉर्म लागत नाही. तिथे विवरणपत्र भरून परतावा मागता येतो.

जुन्या काळी मागणे खरोखरच त्रासाचे होते. ३० नंबरचा वेगळा फॉर्म, सोबत कपातीचे मूळ दाखले, मग व्हाउचर किंवा चेकची वाट. पत्ता बदलला असेल तर चेक परत. हा फॉर्म सप्टेंबर २०१९पासून गेला आणि विवरणपत्रातच मागणी होऊ लागली. विवरणपत्रांची छाननी २००९पासून बेंगळुरूच्या केंद्रात होऊ लागली आणि पुढे सबंध देशाची तिथेच होऊ लागली. मुंबई-पुण्याचे आपले नातेवाईक सहीची पावती पाकिटात घालून आपल्या कर्नाटकात पाठवू लागले, याची आम्हाला तेव्हा थोडी गंमत वाटे. मार्च २०१९पासून परतावा थेट बँक खात्यातच जमा होतो.

आपल्या सीमाभागातल्या माणसाची अडचण आता वेगळीच आहे, ती नावाची. महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे आपण स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव अशी तीन नावे लिहितो. इकडच्या कागदांवर बऱ्याचदा आद्याक्षरे आणि एक नाव येते. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना कुलकर्णीत एक 'ए' वाढतो, देशपांडेतही वाढतो. पॅनवर एक, आधारवर दुसरे, पासबुकात तिसरे. पॅन आणि आधार जुळले नाहीत तर जुलै २०२३पासून पॅन निष्क्रिय ठरतो, आणि तो तसा असेपर्यंत परतावा अडतो, त्या काळाचे व्याजही मिळत नाही. बँक खात्यावरचे नाव पॅनशी जुळले नाही तर खाते मान्य होत नाही. तेव्हा लग्न होऊन सोलापूर-लातूरकडून आलेल्या सुनांनी आधी ही तीन नावे एका रांगेत आणावीत.

दुसरी गोष्ट, २६-एएस हा तक्ता. आपल्या पॅनवर कुणी किती कर जमा केला ते त्यात दिसते. कपात झाली पण तक्त्यात नाही, तर कापणाऱ्याने एकतर पैसे भरलेले नाहीत किंवा तिमाही विवरण दिलेले नाही. त्याला लेखी विचारावे. पगाराच्या चिठ्ठ्या आणि १६ किंवा १६-ए नंबरचे दाखले जपून ठेवावेत. एकदा कापलेला कर खात्याने आपल्याकडूनच पुन्हा वसूल करायचा नाही, असे १९६१च्या कायद्याचे २०५वे कलम सांगते.

'विवरणपत्र भरले की चौकशी मागे लागते,' असे वडीलधारी मंडळी म्हणतात. तुरीची जमीन असलेल्या घरांत तर ही भीती फारच. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून मुक्त आहे, ते १८८६पासून मुक्तच आहे. १९७३पासून इतर मिळकतीचा दर ठरवताना ते जमेस धरतात, पण इतर मिळकत करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर त्याचाही परिणाम होत नाही. ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे आणि निश्चिंत असावे. घरातले माणूस वारले असेल तर त्याचा परतावा कायदेशीर वारसाला मागता येतो. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून इथे लिहिले.

मुदत चुकली तर काय, हा प्रश्न २०२५ साली संसदेतही निघाला. फेब्रुवारीत मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात अशी तरतूद होती की परतावा हवा असेल तर विवरणपत्र मूळ मुदतीतच भरले पाहिजे. एक दिवस उशीर आणि हक्क संपला. ज्यांना एरवी विवरणपत्र भरण्याची गरजच नाही, फक्त कापलेले पैसे परत हवे आहेत, अशा छोट्या मिळकतीच्या माणसांवरच हा वार होता. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने ही अट काढावी असे सुचवले आणि ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात ती नाही. नवा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू.

२०२४-२५च्या मिळकतीसाठी मुदत २०२५च्या १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, म्हणजे त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीनंतर नऊ दिवस. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते, पण व्याज मग भरल्या तारखेपासूनच मोजले जाते. डिसेंबरही गेला तर पाच वर्षांच्या आत विलंब माफीचा अर्ज करता येतो, कारण मात्र पटणारे द्यावे लागते. सुधारित म्हणून मागाहून भरण्याचे जे 'अपडेटेड' विवरणपत्र आहे त्यात परतावा मागता येत नाही, हे लक्षात असू द्यावे. आरतीनंतर मंडपात बसणाऱ्या आपल्या मंडळींत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, हिशेब तपासणारे तरुण आहेत. सोबत पॅन, आधार, पासबुक आणि १६-ए घेऊन यावे.