कोरीव पक्ष्यासाठी लाकूड कोणतं? सागवान नव्हे, पोनिकी!

नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत नुमाईश भरते. १९३८ पासूनचं हे प्रदर्शन. नांदेड, किनवट, भोकरकडची मंडळीही तिथं खरेदीला जातात. लाकडी पोपट, मोर, फळं हातात घेतली की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘सागवानी आहे का?’ खरं तर अशा खेळण्यांच्या कोरीव कामाला सागवान सोयीचं नाही.

पोनिकीच का?

निर्मलची खेळणी पोनिकी नावाच्या झाडाच्या लाकडाची. निर्मल म्हणजे भैंसा ओलांडलं की येणारं, आपल्या सीमेलगतचं गाव. पोनिकी खडकाळ, कोरड्या डोंगरांवर वाढते. लाकूड पांढरट, मऊ आणि वजनाला अगदी हलकं. चोच, पंख, मान असं बारीक काम करताना पटकन चिरत नाही. सागवान जड, महाग आणि तेलकट. त्यावर रंगही लवकर धरत नाही.

वेगवेगळे कोरलेले भाग चिंचोक्याच्या खळीनं जोडतात. त्याच खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधे बुजवतात, घासून गुळगुळीत करतात, मग रंग देतात.

काम तसं लाकूड

चन्नपट्टणची खेळणी चरकावर फिरवून होतात, तिथं काळ्या कुड्याचं लाकूड चालतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आंबा, पांगाऱ्याची. अमेरिकेत शिकारी पूर्वी खऱ्या बदकांना भुलवायला लाकडी बदकं पाण्यावर सोडत; तीही सिडारसारख्या हलक्या लाकडाची, म्हणजे नीट तरंगत.

लाकूड निवडताना

* तुकडा पूर्ण वाळलेला हवा. ओलं लाकूड नंतर आकसतं, सांधे उघडतात.
* नखानं दाबून बघा. मऊ लाकडावर खूण उठते.
* गाठी, भेगा, किड्यांची बारीक भोकं असली तर सोडून द्या. मऊ लाकडाला कीड लवकर लागते.
* तयार खेळणं घेताना वजन बघा. पोनिकीचं खेळणं हाताला हलकंच लागणार. हलकं म्हणून कमअस्सल समजू नका.

खरी अडचण

पोनिकी आता जंगलात पूर्वीसारखी मिळत नाही. झाड कोरण्याजोगं व्हायला वर्षं लागतात. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, पण नुसत्या मानांकनानं लाकूड उगवत नाही. कारागिराचा हात कितीही चांगला असला तरी पोनिकीची लागवड झाली नाही, तर तो कोरणार कशावर?