विटेचे वैभव : सिरपूरचे लक्ष्मण मंदिर

आम्हां महाराष्ट्रीयांची दृष्टी काळ्या पाषाणावर पोसलेली. वेरूळचे कैलास लेणे हा आमचा मानदंड. वीट म्हणजे केवळ घरबांधणीची सामग्री, अशी आमची समजूत. रायपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीतीरी वसलेले सिरपूर ती समजूत दूर करते.

सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या राणी वासटा हिने, पती हर्षगुप्त निवर्तल्यानंतर, पुत्र महाशिवगुप्त बालार्जुनाच्या कारकीर्दीत, सातव्या शतकाच्या सुमारास हे मंदिर उभविले. नाव लक्ष्मणाचे असले तरी शिलालेखानुसार ते विष्णूचे आहे. दगडी जोत्यावर विटांचे गर्भगृह व शिखर. द्वारचौकट तेवढी पाषाणाची, तिच्या ललाटावर शेषशायी विष्णू. भिंतींवरील आंधळी गवाक्षे व चैत्यकमानी मात्र विटांतच कोरलेल्या. इंग्लंडातील धनिकांत विटांचे ग्रामीण प्रासाद बांधण्याचा प्रघात रुळला, तो याहून सुमारे आठ शतकांनी! दगडी खांबांचा मंडप कोसळला. विटांचे शिखर, माथा गमावूनही, उभे आहे.

पंढरीचा विठोबा विटेवर उभा. येथे विष्णूचे मंदिरच विटेचे. रायपुरात जन्मलेल्या आमच्या मुलांना वेरूळ अवश्य दाखवावे. परंतु ज्या भूमीने आम्हांस थारा दिला, तिचे वैभव आधी दाखवावे. अन्यथा मंडळाची पन्नास वर्षे लोटूनही आम्ही येथले पाहुणेच ठरू.