हुबेहूब आणि जिवंत

देवाने अवतार घ्यावा आणि माणसाने त्याची पूजा करावी, ही आपली जुनी वहिवाट. परंतु १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ‘हॅबिटॅट’ या संगणक-खेळाच्या कर्त्यांनी हा शब्द उचलला आणि पडद्यावर खेळाडूच्या वतीने वावरणाऱ्या चित्राला बहाल केला. आज डोळ्यांवर यंत्र चढवून माणूस आभासी जगात शिरतो, तो असाच अवतार धारण करून. आता हा अवतार जितका हुबेहूब, तितका तो खरा वाटतो काय?

मौज अशी, की या प्रश्नाचा इतिहास बाहुल्यांपासून सुरू होतो. १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-शास्त्रज्ञांनी एक छोटासा लेख लिहिला. बाहुली माणसासारखी दिसू लागली की तिच्याविषयी आपुलकी वाढते. पण साम्य पुरे होत आले आणि जरासे उणे राहिले, की ती आपुलकी एकाएकी दरीत कोसळते, असे त्यांचे म्हणणे. दाखला दिला कृत्रिम हाताचा. दिसायला अगदी खरा. पण हातात घ्यावा तो थंडगार! उलट ‘बुनराकू’ नाट्यातील बाहुली जवळून पाहिली तर माणसासारखी नव्हेच. तरी तिचे डोळे, मान, हात असे हलतात, की दूर बसलेला प्रेक्षक तिच्या दुःखात बुडून जातो.

१९९८ साली अमेरिकेत बॉटविनिक व कोहेन यांनी याहून नवलाचा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशामागे, समोर रबराचा हात आणि दोहोंवर एकाच वेळी फिरणारे कुंचले. थोड्याच वेळात स्पर्श रबरी हातालाच होतो आहे, असे वाटू लागे! कुंचले मागेपुढे झाले, की भ्रम ओसरे. रूप अगदीच सोडून चालत नाही; पण नुसत्या रूपानेही भागत नाही. डोळ्यांना दिसते आणि अंगाला जाणवते, त्यांचा मेळ बसावा लागतो.

आणि जिथे मायेची ओढ असते तिथे? २०२० साली दक्षिण कोरियाच्या एमबीसी दूरचित्रवाणीने एका मातेला तिच्या दिवंगत चिमुरडीचा अवतार भेटवला. ही आपली लेक नव्हे, हे तिला का ठाऊक नव्हते? तरी हात पुढे झाले, डोळे भरून आले. कुणी याला सांत्वन म्हटले, कुणी क्रौर्य.

तेव्हा अवतार घडवणाऱ्यांनी चेहरा किती साधला एवढेच मोजून चालणार नाही. यंत्र उतरवल्यावर त्या माणसाला सावरणार कोण, हेही त्यांना विचारले पाहिजे.