हम लोग, मॅगी आणि भागवंती

"मालिका बघून लोक बिघडतात" असं म्हणणारा एक पक्ष आहे. "चांगल्या मालिका दाखवा, लोक सुधारतील" असं म्हणणारा दुसरा. वरवर बघता हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक. मला मात्र ते सख्खे भाऊ वाटतात. पडद्यावरून जे आत टाकाल तेच प्रेक्षकातून बाहेर येईल, यावर दोघांचाही तेवढाच विश्वास. इनपुट दिलं की ठरलेलं आउटपुट!

या समजुतीची आपल्या देशात एकदा अगदी रीतसर परीक्षा झाली. साल १९८४, परीक्षेचं नाव 'हम लोग'. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. गेल्या महिन्याभरात तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि जुने भागही शोधून पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

गोष्ट सुरू होते ती मात्र थेट दक्षिण अमेरिकेत. १९६९ मध्ये पेरू देशात 'सिम्प्लेमेंते मारिया' नावाची मालिका आली. खेड्यातून राजधानीत आलेली, घरकाम करणारी एक पोरगी. रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकते, शिलाई मशीन चालवायला शिकते आणि त्या मशीनच्या जोरावर मोठी फॅशन डिझायनर होते. मालिका तुफान चालली. मारियाच्या लग्नाचं चित्रीकरण लिमातल्या एका चर्चमध्ये होतं, तर खऱ्या लग्नाला यावं तसे हजारो लोक तिथे जमले. त्याहून गंमत म्हणजे शिलाई मशीनचा खप वाढला आणि शिवणकामाच्या वर्गांना गर्दी झाली. हे काही कोणी ठरवून केलेलं नव्हतं. बनवणाऱ्यांना फक्त एक गोष्ट सांगायची होती.

मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने हे पाहिलं आणि विचार केला, की अपघाताने होतंय ते ठरवून का करू नये? त्याने अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत हाताशी घेतला. माणूस दुसऱ्याचं बघून शिकतो, असा त्याचा साधारण अर्थ. त्यावरून साबिदोने चक्क एक फॉर्म्युला बसवला. मालिकेत तीन तऱ्हेची पात्रं हवीत. चांगलं वागणारी, वाईट वागणारी आणि कुंपणावर बसलेली. चांगल्याला बक्षीस, वाईटाला शिक्षा, आणि कुंपणावरचा हळूहळू चांगल्याकडे सरकणार. प्रेक्षक त्या कुंपणावरच्या माणसाबरोबर आपोआप सरकतो, अशी कल्पना. १९७५ साली त्याने प्रौढ साक्षरतेवर मालिका केली. साक्षरतेची पुस्तकं कुठे मिळतात हे एका भागात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे एवढी झुंबड उडाली की मेक्सिको सिटीची वाहतूक तुंबली. मग १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर मालिका आली, तीही गाजली.

इथे आपले वसंतराव साठे येतात. हो, तेच, विदर्भातले. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात ते माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले, तिथला हा प्रकार पाहिला आणि भारावून गेले. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीमुळे आपल्याकडे कुटुंबनियोजन हा शब्दच बदनाम झाला होता. तोच विषय गोष्टीत घोळवून गोड करून देता आला तर कोणत्या सरकारला नको आहे? लेखक मनोहर श्याम जोशी आणि दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव यांना हाताशी धरून ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं.

आणि पहिल्याच फटक्यात आपटलं! सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता की लोक कंटाळले. तशी नाराजी दूरदर्शनपर्यंत पोचली. जोशींनी उपदेश पातळ केला आणि घरातली भांडणं, लग्नं, स्वप्नं पुढे आणली. म्हणजे बघा, ज्या कामासाठी मालिका काढली ते कामच प्रेक्षकांनी तेरा भागांत मागे ढकललं. आमच्याकडे याला क्लायंटने रिक्वायरमेंट बदलली म्हणतात :)

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना आई-वडिलांकडून ऐकून माहीत असेल. दारुडा बसेसर राम, त्याची सोशिक बायको भागवंती, दादा-दादी, बडकी, मझली, छुटकी, लल्लू आणि नन्हे. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. मालिका दीडशेहून जास्त भाग, म्हणजे सतरा महिने चालली आणि या काळात प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रं आली. चार लाख! त्यासाठी कोणीतरी पोस्टात जाऊन पत्र विकत घ्यायचं, बसून लिहायचं आणि पेटीत टाकायचं. बडकीने डॉक्टर अश्विनीशी लग्न करावं की नाही यावर तरुण मुलींनी तिला पत्रातून सल्ले दिले. लग्नाच्या भागाच्या दिवशी उत्तर भारतात दुकानं लवकर बंद झाली. पुन्हा लिमाचीच गोष्ट!

या सगळ्याचा अभ्यास अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या दोघांनी केला. रॉजर्स म्हणजे तोच, ज्याच्या पुस्तकामुळे 'अर्ली अडॉप्टर' हा आपल्या मीटिंगांमधला लाडका शब्द रूढ झाला. त्यांनी शेकडो पत्रं तपासली आणि दिल्ली, मद्रास आणि आपलं पुणे इथल्या हजाराहून अधिक लोकांना प्रश्न विचारले. मालिका जवळजवळ सगळ्यांना आवडली होती. गोम होती ती भागवंतीत.

फॉर्म्युल्याप्रमाणे भागवंती हे 'असं वागू नका' सांगणारं पात्र. नवऱ्याचा मार आणि सासूची बोलणी खायची, आणि वर गप्प बसायचं. तिचे हाल बघून बायकांनी शहाणं व्हावं अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. कित्येक प्रेक्षकांना, आणि त्यात बायकाही होत्या, भागवंती हीच आदर्श वाटली. किती सोसते, तरी घर कसं धरून ठेवते!

हे आधी अमेरिकेतही घडलं होतं. 'ऑल इन द फॅमिली' या १९७१ साली सुरू झालेल्या मालिकेत आर्ची बंकर नावाचा वंशद्वेष्टा, तिरसट म्हातारा होता. त्याची टिंगल करून लोकांना आपल्या मनातल्या द्वेषाची लाज वाटावी असा बेत होता. १९७४ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की जे मुळात पूर्वग्रहदूषित होते त्यांना आर्ची आपल्याच बाजूचा वाटत होता. तो खरं बोलतोय, असं त्यांचं मत. या प्रकाराला पुढे 'आर्ची बंकर परिणाम' असं नावच पडलं.

भागवंतीची गोष्ट मात्र मला आर्चीएवढी सोपी वाटत नाही. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची आणि वाड्यात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात बसून 'हम लोग' बघायची. मी तिला फोनवर विचारलं, "आजी, तुला भागवंतीचा राग नाही यायचा?" ती म्हणाली, "राग कसला रे? ती काय वेगळं करत होती? आम्ही सगळ्या तेच करत होतो." मग थोडं थांबून म्हणाली, "कोणीतरी ते दाखवलं, एवढंच बरं वाटायचं."

यावर मी बराच वेळ विचार करत होतो. दिल्लीत बसलेल्या मंडळींच्या हिशोबात माझी आजी 'चुकीचं आउटपुट' होती. तिच्या बाजूने बघितलं तर तिने जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं. ज्या बाईने वीस वर्षं तसं काढलंय, तिला ते चूक होतं हे मान्य करायचं म्हणजे सगळं आयुष्यच खोडून टाकायचं. तेही कशासाठी, तर एका मालिकेसाठी? तिने आपल्या सोयीचा, आपल्याला जगू देणारा अर्थ काढला. प्रेक्षक कोरी पाटी नसतो. तो आपला सगळा संसार बरोबर घेऊन टीव्हीसमोर बसतो.

मग 'हम लोग'चा काहीच परिणाम झाला नाही का? झाला ना, मॅगीला विचारा! मालिका प्रायोजित होती आणि दोन मिनिटांत होणारी ही नवी चीज तिच्याबरोबर घरोघर पोचली. मालिकेवर पैसे लावले तर माल खपतो, हे जाहिरातदारांना कळलं आणि दूरदर्शनचा चेहराच बदलला. कुटुंबनियोजनासाठी काढलेल्या मालिकेने नूडल्स खपवल्या. का? मला वाटतं, नूडल्स विकत घ्यायला घरात कोणाशी भांडावं लागत नाही. मुलं किती हवीत, नवऱ्याने हात उचलला तर काय करायचं, हे ठरवायला मात्र सासू, नवरा, माहेर, पैसा, सगळ्यांशी भांडावं लागतं. पेरूतल्या बायकांनी मशीन घेतली, कारण मशीन घेणं त्यांच्या हातात होतं.

आज एखादा रील बघून कोणीतरी काहीतरी केलं की आपण लगेच रीलला झोडपतो, नाहीतर जागृतीचा एखादा व्हिडिओ बनवून काम संपलं समजतो. दोन्ही वेळी बघणाऱ्याला काही विचारायचं राहूनच जातं. तुमच्या घरी त्या काळात टीव्ही बघितलेलं कोणी असेल तर भागवंतीबद्दल जरूर विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते मलाही कळवा.