टेल रोटरवरील नियंत्रण सुटणे

टेल रोटरवरील नियंत्रण सुटणे म्हणजे एकच मुख्य रोटर असलेल्या हेलिकॉप्टरच्या शेपटीकडील लहान रोटरचा जोर नाहीसा होणे, अपुरा पडणे किंवा वैमानिकाच्या पेडलांना त्याने दाद न देणे होय. असे घडले की हेलिकॉप्टर स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती गरगरू लागते. उड्डाणाच्या कोणत्याही टप्प्यात हा बिघाड उद्भवू शकतो. तथापि हलक्या हेलिकॉप्टरांच्या बाबतीत जमीन सोडल्यानंतरचे पहिले काही क्षण सर्वाधिक धोक्याचे असतात. त्या वेळी इंजिनाची शक्ती मोठ्या प्रमाणात वापरली जात असते, वेग जवळजवळ नसतो आणि सावरण्यासाठी लागणारी उंचीही हाताशी नसते.

टेल रोटरचे कार्य

इंजिन मुख्य रोटरला एका दिशेने फिरवते तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हेलिकॉप्टरचा सांगाडा विरुद्ध दिशेने फिरू पाहतो. पिळाच्या या जोरास टॉर्क म्हणतात. शेपटीच्या टोकाशी उभा बसवलेला लहान रोटर बाजूच्या दिशेने जोर देऊन हा टॉर्क तोलून धरतो. इगोर सिकोर्स्की यांच्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरने १९३९ मध्ये दोराने बांधलेल्या अवस्थेत पहिल्यांदा जमीन सोडली. पुढील काही वर्षांत त्याच्या रचनेत अनेक बदल होऊन अखेर एक मुख्य रोटर व एक टेल रोटर ही मांडणी स्थिर झाली, आणि आजही बहुसंख्य हेलिकॉप्टरे तिचाच अवलंब करतात.

वैमानिकाच्या पायाशी असलेली दोन पेडले टेल रोटरच्या पात्यांचा कोन बदलतात. कोन वाढला की जोर वाढतो. टेल रोटरची फिरण्याची गती मात्र पेडलांनी बदलत नाही. तो दंड आणि गिअरपेटीच्या साह्याने मुख्य रोटरशी जोडलेला असल्यामुळे दोघांच्या गतीचे प्रमाण कायम राहते. याचा एक परिणाम पुष्कळदा ध्यानात घेतला जात नाही. पात्यांचा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून जास्त वजन उचलताना मुख्य रोटरची गती नेहमीच्या ९० टक्क्यांवर उतरली, तर त्याच कोनात टेल रोटरचा जोर सुमारे ८१ टक्केच उरतो, आणि तोही टॉर्क सर्वाधिक असतानाच.

मुख्य रोटर कोणत्या दिशेने फिरतो, यावर हेलिकॉप्टर कोणत्या बाजूला गरगरेल हे ठरते. बेल, रॉबिन्सन इत्यादी अमेरिकी कंपन्यांच्या हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. टेल रोटर निकामी झाल्यास त्यांचे नाक उजवीकडे वळते. फ्रेंच परंपरेतील हेलिकॉप्टरांचा रोटर काट्यांच्या दिशेने फिरतो, आणि त्यांचे नाक डावीकडे वळते. भारतीय सैन्यदले अनेक दशके वापरत असलेली चेतक व चीता ही हेलिकॉप्टरे मूळ फ्रेंच आराखड्यांवर बेतलेली असल्यामुळे या दुसऱ्या गटात मोडतात. एका गटाच्या हेलिकॉप्टरावरून दुसऱ्या गटाच्या हेलिकॉप्टरावर जाणाऱ्या वैमानिकाला पायांची सवय अक्षरशः उलटी करावी लागते.

उड्डाणाच्या वेळीच धोका अधिक का

पुढे जाण्याचा वेग पुरेसा असला, तर शेपटीवरचा उभा पंख वाऱ्यात दिशादर्शक कोंबड्याप्रमाणे वागतो आणि टेल रोटर बंद पडूनही नाक बऱ्याच अंशी सरळ ठेवतो. जमीन सोडताना वेग शून्याच्या आसपास असल्याने या पंखाचा काहीही उपयोग होत नाही. अधांतरी स्थिर राहण्यासाठी लागणारी शक्तीही मंद गतीने पुढे जाण्यासाठी लागणाऱ्या शक्तीहून अधिक असते. मुख्य रोटरला पुढच्या वेगामुळे मिळणारा जादा उचल-लाभ साधारण १६ ते २४ नॉट वेगाला जाणवू लागतो. तोवर सारा भार इंजिनावर, आणि पर्यायाने टेल रोटरवर, असतो. उष्ण दिवशी किंवा उंच प्रदेशात हवा विरळ असते. तेवढाच जोर मिळवण्यासाठी तेथे पात्यांचा कोन वाढवावा लागतो, आणि पेडल पूर्ण दाबले गेल्यावर वैमानिकाच्या हाती आणखी काहीच उरत नाही.

बिघाडाचे प्रकार

यांत्रिक बिघाडाचे दोन भेद केले जातात. पहिल्यात दंड तुटतो, गिअरपेटी निकामी होते किंवा पाती कशावर तरी आदळतात, आणि टेल रोटर फिरायचाच थांबतो. उघड्या दारातून उडालेले जाकीट किंवा मोकळी वस्तू मागे जाऊन टेल रोटरमध्ये अडकणे हे हलक्या हेलिकॉप्टरांतील एक क्षुल्लक वाटणारे पण खरे कारण आहे. दुसऱ्या भेदात रोटर फिरत राहतो, परंतु पात्यांचा कोन एका जागी अडकतो किंवा मनमानी बदलतो.

तिसरी अवस्था याहून निराळी आहे. तीत कोणताही भाग तुटलेला नसतो. केवळ वाऱ्याच्या दिशेमुळे टेल रोटर आपला प्रभाव गमावतो. अमेरिकी लष्कराच्या ओएच-५८ आणि तिच्याच कुळातील बेल २०६ या हेलिकॉप्टरांच्या अनुभवातून ही अवस्था प्रकर्षाने पुढे आली, आणि अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने १९९५ मध्ये तिच्यावर स्वतंत्र मार्गदर्शक परिपत्रक काढले. अमेरिकी पद्धतीच्या हेलिकॉप्टरांसाठी त्यात वाऱ्याचे धोक्याचे पट्टे अंशांत दिलेले आहेत. नाकापासून काट्यांच्या दिशेने मोजता २८५ ते ३१५ अंशांतून येणारा वारा मुख्य रोटरच्या टोकांचे भोवरे टेल रोटरवर नेऊन टाकतो. २१० ते ३३० अंशांतून, म्हणजे डाव्या बाजूने, येणाऱ्या वाऱ्यात टेल रोटर स्वतःच्याच भोवऱ्यात सापडतो. १२० ते २४० अंशांतून, म्हणजे पाठीमागून, येणारा वारा शेपटीला ढकलून नाक वाऱ्याकडे वळवू पाहतो. या अवस्थेस हेलिकॉप्टराचा दोष समजणे चुकीचे आहे. वैमानिकाने पेडल वेळेवर आणि पुरेसे दाबले तर ती बहुधा आटोक्यात येते. कठीण जाते ते पहिल्या क्षणी ओळखणे, कारण सुरुवातीची वळण्याची गती फसवी मंद असते.

फ्रिस्को येथील अपघात

हलक्या हेलिकॉप्टराच्या उड्डाणातील या बिघाडाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ३ जुलै २०१५ रोजी घडले. फ्रिस्को या डोंगराळ गावातील रुग्णालयाच्या हेलिपॅडवरून रुग्णसेवेसाठी वापरले जाणारे एअरबस एएस-३५० बी-३ ई हेलिकॉप्टर उडाले, डावीकडे गरगरत गेले आणि अवघ्या ३२ सेकंदांत शेजारच्या वाहनतळावर कोसळून पेटले. वैमानिकाचा मृत्यू झाला व दोन परिचारक गंभीर जखमी झाले.

या जातीच्या हेलिकॉप्टरात पेडलांना हायड्रॉलिक दाबाचे साहाय्य मिळते. ते नसेल तर पेडल हलवण्यास पायाची फार मोठी ताकद लागते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत एक कळ बंद करून ही यंत्रणा पडताळून पाहायची व कळ पुन्हा पूर्वस्थितीत आणायची, असा क्रम होता. त्या दिवशी कळ पूर्वस्थितीत आली नाही. तपासणीमुळे टेल रोटरच्या हायड्रॉलिक मंडलातील दाब संपून गेलेला होता, आणि तो परत आलेला नाही हे ठळकपणे सांगणारा कोणताही इशारा वैमानिकासमोर नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, अपघाताचे संभाव्य कारण म्हणून प्रथम तपासणीच्या या रचनेला व इशाऱ्याच्या अभावाला बोट लावले. जमीन सोडताच क्षणभर कमी उंचीवर स्थिर राहून नियंत्रणे तपासण्याची पद्धत वैमानिकाने पाळली नाही, हे मंडळाने साहाय्यक कारण म्हणून नोंदवले. ती पाळली असती तर पेडलांचा ताठरपणा सुरक्षित उतरता येईल अशा उंचीवरच कळला असता. दोषाची अशी वाटणी महत्त्वाची आहे. एक कळ विसरणे ही मानवी चूक खरी, पण सामान्य विसराळूपणाने प्राणघात होऊ शकेल अशी यंत्राची रचना असणे ही त्याहून मोठी उणीव ठरते.

आगीचा प्रश्न याच्याही पुढे गेला. अमेरिकेत धडकेत न फुटणाऱ्या इंधनटाक्यांचा नियम १९९४ मध्ये आला. परंतु तो त्यानंतर नव्याने प्रमाणित होणाऱ्या जातींनाच लागू होता. एएस-३५० ही जात १९७०च्या दशकातच प्रमाणित झालेली असल्यामुळे नव्याने बांधलेल्या हेलिकॉप्टरांतही जुन्या पद्धतीची टाकी बसवणे कायदेशीर राहिले. फ्रिस्कोच्या घटनेनंतर हा विषय अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचला आणि २०१८ च्या कायद्याने नव्याने बनणाऱ्या सर्व हेलिकॉप्टरांना सुरक्षित टाक्या सक्तीच्या केल्या.

इतर घटना

१८ मार्च २०१४ रोजी सिॲटल शहरात वृत्तवाहिनीसाठी वापरले जाणारे एएस-३५० बी-२ हेलिकॉप्टर इमारतीच्या छतावरून उडताच गरगरून रस्त्यावर कोसळले व आतील दोघे मरण पावले. एनटीएसबीने उड्डाणाच्या क्षणी पेडलांचे हायड्रॉलिक साहाय्य नाहीसे झाल्याचा निष्कर्ष काढला. ते का नाहीसे झाले हे मात्र ठरवता आले नाही, कारण सुटे भाग आगीत जळाले होते आणि हेलिकॉप्टरात नोंद ठेवणारे यंत्र नव्हते.

इंग्लंडमधील लेस्टर येथे २७ ऑक्टोबर २०१८ रोजी फुटबॉल मैदानाच्या मध्यातून उडालेले लिओनार्दो एडब्ल्यू-१६९ हे हेलिकॉप्टर काटेकोर अर्थाने हलक्या वर्गात बसत नाही, पण यांत्रिक बिघाडाचे ते ठळक उदाहरण आहे. त्यात लेस्टर सिटी संघाचे मालक विचाई श्रीवड्ढनप्रभा यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. टेल रोटरच्या नियंत्रण-दंडावरील बेअरिंग जाम झाले, दंड स्वतःच फिरू लागला आणि जोडणीपासून सुटला. परिणामी पात्यांचा कोन आपोआप टोकाच्या स्थितीत गेला व डावे पेडल निरुपयोगी ठरले. सुमारे ४३० फूट उंचीवरून हेलिकॉप्टर उजवीकडे गरगरत खाली आले. ब्रिटिश तपासयंत्रणेचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उड्डाण-चाचण्यांत मोजलेले भार बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीला कळवले गेले नव्हते, आणि ते कळवावेत असा नियमही नव्हता, असे त्यात नमूद आहे.

वैमानिकाने करावयाची कृती

जमिनीलगत स्थिर असताना टेल रोटर बंद पडल्यास थ्रॉटल ताबडतोब बंद करणे हा मूलभूत उपाय आहे. इंजिनाची शक्ती गेली की टॉर्कही जातो आणि गरगरणे मंदावते. मग फिरत्या मुख्य रोटरच्या उरलेल्या ऊर्जेवर, कलेक्टिव्ह दांडा उचलून, हेलिकॉप्टर हळुवार टेकवायचे असते. थोड्या उंचीवर आणि कमी वेगात हा निर्णय अवघड होतो: शक्ती काढली तर हेलिकॉप्टर खाली पडते, ठेवली तर फिरत राहते. पुरेसा वेग असल्यास तो टिकवून धरणे व लांब धावपट्टीवर विमानासारखे सरकत उतरणे हा मार्ग असतो. वाऱ्यामुळे प्रभाव गेला असेल, तर विरुद्ध बाजूचे पेडल पूर्ण दाबून ठेवावे लागते, सायक्लिक दांडा पुढे करून वेग घ्यावा लागतो आणि उंची असेल तर शक्ती कमी करावी लागते. वळणे लगेच थांबत नाही म्हणून पेडल सोडून देणे ही या प्रसंगातील घातक चूक होय.

टेल रोटरला पर्याय

फ्रान्समध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस गझेल हेलिकॉप्टरासाठी शेपटीच्या उभ्या पंखातच अनेक पात्यांचा पंखा बंदिस्त करणारी फेनेस्ट्रॉन रचना विकसित झाली. तिच्यात पाती बाहेरच्या वस्तूंवर आदळण्याचा धोका बराच घटतो. एमडी ५२०-एन या अमेरिकी हेलिकॉप्टरात तर टेल रोटरच नाही. पोकळ शेपटीतून हवेचा झोत सोडून टॉर्क तोलला जातो. रशियन कामोव्ह हेलिकॉप्टरांत एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन मुख्य रोटर असतात, त्यामुळे टॉर्क तिथल्या तिथे तोलला जातो. तरीही स्वस्त, हलकी व दुरुस्तीस सोपी म्हणून साधी टेल रोटरची रचनाच लहान हेलिकॉप्टरांत सर्वाधिक आढळते.