शिपायाला जमीन मिळाली, शेती कोणी शिकवली?

कादिसियाच्या लढाईनंतर इराकचा मोठा भाग अरबांच्या ताब्यात आला. दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्याला अरब ‘सवाद’ म्हणत. सवाद म्हणजे काळेपणा. वाळवंटातून येणाऱ्या माणसाला खजुराच्या बागा आणि पिके लांबून काळसर दिसत, म्हणून हे नाव पडले. लढाई जिंकलेल्या सैनिकांची मागणी सरळ होती. ही जमीन आम्ही तलवारीने मिळवली, ती आमच्यात वाटून द्या.

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी ही मागणी मान्य केली नाही. काही ज्येष्ठ सहाबांनी सैनिकांची बाजू लावून धरली. मदिनेत सल्लामसलत चालली. शेवटी निर्णय झाला तो असा : जमीन कसणाऱ्यांकडेच राहील, ते खिराज भरतील आणि त्या महसुलातून सैनिकांना ठरावीक वेतन मिळेल. आज सगळी जमीन वाटून टाकली तर नंतर येणाऱ्या पिढ्यांसाठी काय उरणार, हा उमर यांचा मुख्य मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी कुरआनच्या सूरह हश्रचा आधार घेतला. पुढे उस्मान बिन हुनैफ यांच्याकडे सवादच्या मोजणीचे काम सोपवले गेले. हा सगळा प्रसंग काजी अबू युसूफ यांनी खलिफा हारून अल-रशीदसाठी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’मध्ये नोंदवला आहे.

या निर्णयाची चर्चा बहुतेक वेळा महसूल आणि न्यायाच्या अंगाने होते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सवादची शेती पाटांवर उभी होती. पाटातला गाळ कधी काढायचा, पाणी कोणत्या शेताला किती द्यायचे, जमिनीत मीठ वर येऊ लागले तर ती कधी पडीक ठेवायची, हे ज्ञान तिथल्या शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. जमीन शेतकऱ्याकडे राहिली, म्हणून ते ज्ञानही जमिनीसोबत राहिले.

बगदादचे शिपाई आणि बुजलेले पाट

तीनशे वर्षांनी याच भूमीवर उलटा प्रयोग झाला. इ.स. ९४५मध्ये बुवैही घराण्याच्या मुइज्जुद्दौलाने बगदाद ताब्यात घेतले. सैन्याचा पगार द्यायला खजिन्यात पैसा नव्हता. म्हणून त्याने सैनिकांना आणि सरदारांना जमिनीच तोडून दिल्या. ही लष्करी इक्ता.

त्याचा परिणाम त्याच शतकातला इतिहासकार मिस्कवैह याने लिहून ठेवला आहे. ज्यांना जमीन मिळाली, त्यांनी पाटांची डागडुजी केली नाही. मिळेल तेवढे उत्पन्न ओरबाडले. जमीन निकामी झाली की ती परत केली आणि बदल्यात दुसरी मागून घेतली. शेतकरी गावे सोडून गेले. मिस्कवैह स्वतः दरबारात अधिकारी होता, त्यामुळे त्याची तक्रार ऐकीव नाही.

त्या शिपायांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना शेती कोणी शिकवली होती? ज्या जमिनीवर आपल्याला राहायचे नाही आणि जिच्याबद्दल काही कळत नाही, तिच्याकडे माणूस रोख रकमेसारखा पाहतो. जमीन दिली की शेतकरी तयार होतो, हा राज्यकर्त्यांचा समज होता. तो पुढची हजार वर्षे टिकला.

पंजाबचे मुरब्बे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने पंजाबातल्या नद्यांवरून मोठे कालवे काढले. झेलम, चिनाब, रावी यांच्या मधल्या ‘बार’ नावाच्या माळांवर पशुपालक जमाती गुरे चारत. ती जमीन पडीक ठरवून सरकारने आपल्या ताब्यात घेतली आणि तिथे नव्या वसाहती वसवल्या. १८९२पासून चिनाब वसाहत आकाराला आली. लायलपूर, म्हणजे आजचे फैसलाबाद, हे तिचे मुख्य शहर. गावांना नावांऐवजी चक क्रमांक मिळाले. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले गेले, त्यांना ‘मुरब्बा’ म्हणत. एक मुरब्बा साधारण पंचवीस एकरांचा.

यातली बरीच जमीन निवृत्त सैनिकांसाठी होती. झेलम वसाहतीत तर अट अशी होती की जमीन घेणाऱ्याने लष्करासाठी घोडी पाळायची. पहिल्या महायुद्धानंतर हे वाटप वाढले. पंजाबी मुसलमान हा त्या काळच्या हिंदी सैन्यातला फार मोठा घटक होता. त्यातले अनेक जण मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच जुन्या सवादमध्ये लढून आले होते. आपल्याकडच्या मराठा पलटणीही तिथेच होत्या. १९१६च्या एप्रिलमध्ये कुत येथे शरण गेलेल्या सैन्याचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते.

या शिपायांना शेती अजिबात येत नव्हती असे नाही. रावळपिंडी, झेलम, अटक या भागांतून आलेले बहुतेक जण शेतकऱ्यांचीच मुले होती. पण त्यांची शेती पावसावरची, ‘बारानी’. कालव्याची शेती हे वेगळे शास्त्र आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी म्हणजे नुसती बरकत वाटते. जास्त पाण्यानेही जमीन मरते, हे त्याने पाहिलेले नसते.

लायलपूरला १९०६मध्ये कृषी महाविद्यालय स्थापन झाले. त्याने चांगले बियाणे दिले, संशोधन केले. पण मुरब्बा देताना पाहिली जायची ती नोकरीची वर्षे आणि सरकारनिष्ठा, शेतीचे ज्ञान नव्हे. शिवाय मूळ चूक शिपायाची नव्हतीच. कालव्यांना अस्तर नव्हते आणि निचऱ्याची सोय अपुरी होती. पाणी झिरपत राहिले, भूजल वर येत गेले आणि त्याच्यासोबत मीठही. पंजाबीत याला दोन शब्द आहेत : जमीन चिबडली की ‘सेम’, मीठ फुलले की ‘थूर’. सांगली, कोल्हापूरकडे उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तो तिला क्षारपड म्हणतो.

पाकिस्तान झाल्यावर हे संकट इतके वाढले की १९६१मध्ये अयूब खान यांनी अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींपुढे ते मांडले आणि तिथून तज्ज्ञांचे पथक आले. उपसा करणाऱ्या हजारो कूपनलिका खोदाव्या लागल्या. आजोबांना बहादुरीबद्दल मिळालेली जमीन नातवाच्या हातात पांढरी होऊन आली.

ऑस्ट्रेलियाचा हिशेब

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियानेही हेच केले. जवळपास ४० हजार माजी सैनिकांना शेतजमिनीवर बसवले. आदिवासी सैनिकांना त्यातून बहुधा वगळलेच. अनेकांच्या वाट्याला कमी पावसाची, लहान आकाराची जमीन आली. व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅली भागात झाडोरा साफ करून गहू पेरला गेला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. कर्जे थकली. कित्येक कुटुंबे जमीन सोडून गेली.

१९२९मध्ये न्यायमूर्ती पाइक यांनी सरकारला अहवाल दिला. तोटा २ कोटी ३५ लाख पौंडांचा होता. त्यांनी सांगितलेली कारणे चार : भांडवलाचा अभाव, कुटुंब पोसण्यास अपुरी जमीन, शेतीस योग्य नसलेली माणसे आणि पडलेले भाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने हा धडा घेतला. अर्जदाराची पात्रता तपासली, गरज असेल त्याला प्रशिक्षण दिले आणि मगच जमीन दिली. त्या वेळचे निकाल पुष्कळ बरे होते.

फलुजाहून परतलेला शेतकरी

अमेरिकेत १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळाला. त्याचा लाभ घेणाऱ्या ७८ लाखांपैकी सुमारे ७ लाख जणांनी शेतीचे प्रशिक्षण घेतले. दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना मात्र या कायद्याचा लाभ मिळवताना पदोपदी अडवले गेले. सैनिकाला शेती शिकवण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्याआधी झाला नसावा. पण तो काळही लक्षात घ्यायला हवा. युद्धात स्फोटकांसाठी लागणारे अमोनियम नायट्रेट आता खत म्हणून शेतात येत होते. सैनिकांना उवा आणि मलेरियापासून वाचवणारे डीडीटी १९४५पासून बाजारात मिळू लागले. शेतकरी तयार झाले, पण त्या काळाची शेती मातीला खर्ची घालणारी होती.

म्हणून गेल्या वीस वर्षांतले प्रयत्न मला वेगळे वाटतात. कॉलिन आर्किप्ले हा अमेरिकी मरीन दलातला सार्जंट इराकमध्ये तीन वेळा तैनात होता. फलुजाच्या लढाईत होता. परतल्यावर त्याने आणि पत्नी कॅरनने कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ अॅव्होकाडोची एक दुर्लक्षित बाग घेतली. त्या कोरड्या भागात पाणी फार महाग. म्हणून ते कमी पाण्याच्या, मातीविना पद्धतीकडे वळले आणि सेंद्रिय पोषण वापरून पालेभाजी, बेसिल पिकवू लागले. २००७पासून तिथे सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू झाला. त्यात हाताने काम करायचे, पाणी आणि खताचा हिशेब ठेवायचा आणि शेवटी आपल्या शेतीधंद्याचा आराखडा जाणकारांपुढे मांडायचा. जमीन कुठेच मिळत नाही. मिळते ते ज्ञान.

त्याच सुमारास मायकल ओगॉर्मन या सेंद्रिय भाजीपाल्यात आयुष्य घालवलेल्या शेतकऱ्याने माजी सैनिक शेतकऱ्यांची संघटना उभी केली. इराक, अफगाणिस्तानात मरणाऱ्यांत खेड्यातल्या मुलांचे प्रमाण जास्त आहे, हे त्याला अस्वस्थ करत होते. दुसरीकडे अमेरिकी शेतकऱ्याचे सरासरी वय ५८च्या आसपास पोचले होते. खेड्याला तरुण हवे होते आणि तरुण युद्धावर जात होते. २०१४च्या शेती कायद्यात माजी सैनिकांसाठी वेगळ्या सवलती आल्या. २०१७च्या कृषिगणनेत सैन्यात सेवा केलेले ३ लाख ७० हजार शेतकरी मोजले गेले, एकूण शेतकऱ्यांच्या सुमारे ११ टक्के.

हे वाचून बरे वाटते. पण आपण इतिहासाचे पान अर्धेच वाचू नये. हा सैनिक ज्या देशातून परतला, तो देश म्हणजे हजरत उमर यांनी शेतकऱ्यांकडे राखलेला सवाद. अबू गरेबचे नाव जगाला तुरुंगामुळे माहीत झाले. त्याच अबू गरेबमध्ये इराकची राष्ट्रीय बियाणे पेढी होती. गहू, हरभरा, मसूर यांच्या जुन्या जाती तिथे जपलेल्या होत्या. २००३च्या हल्ल्यानंतरच्या अंदाधुंदीत ती लुटली गेली. काही वाण आधीच सीरियात अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्राकडे पाठवले होते म्हणून वाचले. पुढे अलेप्पोही युद्धात सापडले. परतलेल्या सैनिकाला शेती शिकवणारे वर्ग निघाले, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या शेतकऱ्याच्या शेतातून रणगाडे गेले, त्याला त्याचे बियाणे परत देणारा वर्ग कोण काढणार?

आपल्या दारातला प्रश्न

महाराष्ट्राला माजी सैनिकाच्या शेतीचे सर्वांत जवळचे उदाहरण राळेगणसिद्धीचे आहे. सैन्यात वाहनचालक असलेले, १९६५च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवरून वाचलेले अण्णा हजारे १९७५मध्ये गावी परतले. पारनेर तालुक्यातले हे गाव अवर्षणाचे. अण्णांकडे शेतीची पदवी नव्हती. त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांचे पाणी अडवण्याचे काम पाहिले आणि तिथून शिकले. मग श्रमदान, समतल चर, नालाबांध, गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन, असे एकेक काम उभे राहिले. दारूबंदीसाठी माणसांना खांबाला बांधून चोपण्याची लष्करी रीतही तिथे होती. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. शिस्त गावाच्या कामी येते, हुकूम येत नाही. शेती शिकणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाने हा फरक ओळखायला हवा.

आपल्याकडे जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. पुनर्वसनाचे सरकारी अभ्यासक्रम आहेत, त्यांत शेतीपूरक विषयही आहेत. तरी बँकेच्या किंवा एटीएमच्या दारात बंदूक घेऊन बसलेला माजी सैनिक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. अनेकदा त्याची गावाकडे दोन-चार एकर असते आणि ती भाऊ तरी कसतो किंवा पडून तरी असते. २०२२पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा आणि नंतर चारपैकी जास्तीत जास्त एकाला कायम नोकरी. म्हणजे पंचविशीच्या आतले हजारो तरुण दरवर्षी गावाकडे परततील. त्यांच्या हाती थोडी रक्कम असेल, अंगात शिस्त असेल, पहाटे उठायची सवय असेल. शेतीला हे सगळे लागते, पण एवढेच पुरत नाही.

त्यांना माती वाचायला, पाण्याचा ताळेबंद मांडायला, निचरा, बियाणे आणि बाजारभाव समजून घ्यायला कोणी शिकवले, तर ते गावाची ताकद होतील. नुसती रक्कम किंवा जमीन हाती दिली, तर पंजाबच्या मुरब्ब्यांची आणि बगदादच्या बुजलेल्या पाटांची गोष्ट आपण पुन्हा लिहू. नंतर येणाऱ्यांसाठी काय उरणार, हा मदिनेत विचारला गेलेला प्रश्न आज आपल्या बांधावर येऊन उभा आहे.